दिवा किती प्रखर असावा ?

विज्ञान-प्रदर्शनांत ज्या मेजाभोंवतीं गर्दी जमते त्या मेजावर बहुधा कांहीं तरी फिरत असतें, वाजत असतें किंवा पाहणाऱ्याचे डोळे दिपवीत असतें. खानदेशांतील अशाच एका शालेय प्रदर्शनांत आम्हांस यंदा एक नवल पाहावयास मिळालें. गुहेंत शिरणाऱ्या मनुष्यानें कपाळास बांधावयाचा विजेचा दिवा कांहीं विद्यार्थ्यांनीं स्वतःच्या हातांनीं बनवून आणिला होता. त्यांतील एकाची कळ दाबतांच समोरची भिंत अशी कांहीं उजळली कीं, पलीकडच्या मेजावरील मुलांनीं डोळ्यांवर हात घेतले. परीक्षकांनीं त्या सर्वांत प्रखर दिव्यास पहिलें बक्षीस दिलें. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत आमच्याही टाळ्या होत्या. परंतु घरीं परततांना एक शंका मनास लागून राहिली ती अद्याप गेली नाहीं. बक्षीस भलत्याच गुणास गेलें, असें आमचें मत झालें आहे, आणि तें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेखप्रपंच.

घडलें तें असें. बक्षीस मिळविणारा दिवा बारा मिनिटें जळला. तेवढ्यांत तो इतका तापला कीं त्यास हात लावितां येईना. मुलानें तो विझवून मेजाखालीं ठेविला, आणि नवे पाहुणे आले म्हणजे तेवढ्यापुरता तो वर काढून लावून दाखवी. त्याच ओळींत शेवटच्या मेजावर नववीच्या एका मुलीनें जुन्या पायजम्याच्या इलास्टिकास शिवलेला एक बारकासा दिवा मांडला होता. तो सकाळीं नऊ वाजतां लागला आणि सायंकाळीं मंडप आवरूं लागले तेव्हां जळतच होता. भर दुपारीं त्याचा उजेड दिसतही नव्हता. त्यामुळें त्याकडे कोणी पाहिलेंच नाहीं. तिच्या वहींत मात्र दर तासास घेतलेली व्होल्टची नोंद होती.

प्रथम पालकवर्गास दोन शब्द. दहावीचें वर्ष जवळ आलें असतां मुलगा तारा, पत्र्याचे तुकडे व डाखाचें सामान घेऊन बसतो, हें पाहून आईबापांचा जीव खालवर होतो, हें आम्ही जाणतों. पण ओहमचा नियम फळ्यावरून जितका समजतो, त्याहून तो बोट पोळलें म्हणजे अधिक समजतो. ह्या एका दिव्यांत वीज, उष्णता व प्रकाश हे पदार्थविज्ञानाचे तीन मोठे भाग, शिवाय शिवणकाम आणि काटकसर, इतकें सर्व येऊन जातें. तेव्हां मुलांनीं दिवा करूं नये असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. दिव्याची परीक्षा कशावरून करावी, एवढाच आमचा वाद आहे.

कपाळावरच्या दिव्याची मूळ सोय ही कीं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि दृष्टि जिकडे वळेल तिकडे उजेडही वळतो. खाणींत व गुहांत पूर्वीं ह्या कामासाठीं कार्बाइडचे दिवे टोपीवर लावीत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडत, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघे व तो जळे. उजेड चांगला, पण उग्र वास, काजळी आणि शेवटीं उरणारा चुन्याचा लगदा हीं त्याचीं लेंकरें. मागाहून तंतूच्या बल्बाची विजेरी आली. आज तिची जागा एलईडीनें घेतली आहे. एलईडी म्हणजे वीज वाहतांच प्रकाश देणारा अर्धवाहक द्रव्याचा एक लहानसा तुकडा. तांबडा एलईडी पुष्कळ वर्षांपूर्वींच निघाला होता; परंतु प्रखर निळा कांहीं केल्या साधेना, आणि निळ्यावांचून पांढरा उजेड मिळेना. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शूजी नाकामुरा ह्या तिघां शास्त्रज्ञांनीं तो साधला, आणि त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या पांढऱ्या दिव्यांत मुळांत निळाच प्रकाश निघतो. त्यावर बसविलेल्या पिवळसर लेपांतून तो बाहेर पडतांना दोन्ही मिसळून डोळ्यास पांढरा वाटतो. बंद दिव्याकडे निरखून पाहिल्यास तो पिवळा ठिपका कोणासही दिसेल.

आतां थोडें गणित करावें लागेल. ज्यांस गणिताचा कंटाळा आहे त्यांनींही हें एवढें सोसावें. मुलें ह्या दिव्यांत बहुधा १८६५० नांवाचा लिथियमचा सेल वापरतात. नांव भारी आहे, पण अर्थ सोपा आहे : १८ मिलिमीटर जाडी व ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचें शून्य तो गोल असल्याची खूण. चांगल्या प्रतीच्या अशा सेलांत सुमारें दहा वॅट-तास शक्ति सांठते. म्हणजे दहा वॅटचा दिवा त्यावर एक तास चालेल आणि एक वॅटचा दहा तास. चांगला एलईडी वॅटामागें शंभर ल्यूमेन सहज देतो. ल्यूमेन हें दिव्यांतून निघणाऱ्या एकंदर प्रकाशाचें माप. विजेरींतला जुना बल्ब ह्याच्या दहाव्या हिश्शाइतका प्रकाश मोठ्या कष्टानें देई. तेव्हां एकीकडे हजार ल्यूमेन एक तास आणि दुसरीकडे शंभर ल्यूमेन दहा तास, असा हा सौदा आहे. मुलांस वाटतें कीं, हजार ल्यूमेनच्या दिव्यानें दहापट दूरचें दिसेल. तसें होत नाहीं. अंतर दुप्पट झालें म्हणजे पडणारा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालें म्हणजे नववा. ह्या हिशेबानें दहापट प्रखर दिवा तिपटीहून किंचित् अधिक दूरचें दाखवितो, फार नाहीं. नऊ तासांचा उजेड देऊन आपण काय विकत घेतलें, तर एवढेंच. आमच्या जळगांवच्या बाजारांत कोणी सुवर्णकार असा सौदा करील असें वाटत नाहीं !

शिवाय त्या दहा वॅटांपैकीं निम्म्याहून अधिक वीज प्रकाश न होतां उष्णताच होते. ती काढून नेण्यासाठीं एलईडीच्या पाठीशीं अ‍ॅल्युमिनियमचा जाड, पन्हळी ठोकळा लागतो, आणि दोहोंमध्यें उष्णता नेणारा लेप लागतो. हा लेप न लावतां नुसता चिकटविलेला दिवा आंतल्या आंत भाजून निघतो. प्रदर्शनाच्या मंडपांत निदान पंखा होता. गुहेंत वारा नसतो. तापलेल्या एलईडीची आणखी एक खोड आहे. तो जसजसा तापतो तसतसा त्याच व्होल्टांवर अधिक प्रवाह ओढूं लागतो, आणि अधिक प्रवाहानें आणखी तापतो. ह्यासाठीं प्रवाह आवरून धरणारें एक छोटें मंडल मध्यें घालावें लागतें. बाजारांत त्यास ड्रायव्हर म्हणतात. बक्षीसवाल्या दिव्यांत तें नव्हतें. मुलीच्या दिव्यांत एक साधा रोधक होता आणि तेवढ्या लहान दिव्यास तो पुरेसा होता.

लिथियम सेलासंबंधीं मात्र पालकांनीं स्वतः लक्ष घालावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. जुन्या लॅपटॉपांतून काढलेले, अंगावर वेष्टण नसलेले सेल मुलें स्वस्तांत आणितात. अशा सेलाचीं दोन्ही टोंकें किल्ल्यांच्या जुडग्यास खिशांत टेकलीं तरी आग लागूं शकते. सेल संरक्षक मंडल असलेला व नवा घ्यावा, तो ४.२ व्होल्टांच्या वर भरूं नये, अगदीं रिकामा होऊं देऊं नये, आणि घरांतलीं माणसें निजलीं असतां तो भरण्यास लावून ठेवूं नये. दिव्यावर चार पैसे वांचले तर वांचवावे, सेलावर नव्हे.

हा दिवा घेऊन मुलें जाणार कोठें, हाही प्रश्न आहे. मेघालयांत चुनखडीचा खडक पाण्यानें विरघळून कित्येक किलोमीटर लांबीच्या गुहा झाल्या आहेत. आपला खानदेश काळ्या कातळाचा. ज्वालामुखीच्या रसाचे थर गोठून झालेला हा बेसाल्ट पाण्यांत तसा विरघळत नाहीं; म्हणून येथल्या बहुतेक गुंफा मनुष्यानें टांकी-हातोड्यानें खोदलेल्या आहेत. चाळीसगांवजवळच्या पाटणादेवीच्या रानांत कण्हेरगडाच्या कड्यांत नागार्जुन गुंफा व सीतेची न्हाणी आहे. साक्री तालुक्यांत भामेरच्या किल्ल्यावर कातळांत कोरलेलीं टाकीं व गुंफा आहेत. येथें आंत शिरल्यावर थोड्याच पावलांत समोरची भिंत लागते. अशा जागीं हजार ल्यूमेनचा झोत सोडला म्हणजे तो भिंतीवरून उलटून लावणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. पायाखालची निसरडी पायरी, टाक्याचा उघडा कांठ, दगडाच्या सांपटींत बसलेला सर्प, ह्या गोष्टी पाहावयाच्या तर सौम्य, पसरट उजेडच उपयोगी पडतो.

आणि खरें सांगावयाचें तर आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं ह्या दिव्याची गरज गुहेपेक्षां वावरांत अधिक आहे. ज्या शेतकऱ्याच्या पाळीस रात्रीची वीज येते, तो बारा-एकच्या सुमारास पंप लावून केळींत पाणी फिरवीत असतो. एका हातांत फावडें आणि दुसऱ्या हातांत विजेरी धरून बारें देतां येत नाहीं. त्यास उजेड पाहिजे तो पायापुढच्या चार हातांचा आणि पहाटेपर्यंत टिकणारा. त्या मुलीनें आपला दिवा कोणासाठीं केला होता हें आम्ही विचारिलें नाहीं. पण नऊ तासांची नोंद घेण्याची बुद्धि तिला उगीच झाली नसावी.

प्रखरतेनें दुसऱ्याचें नुकसान होतें, हें तर कोणी लक्षांतच घेत नाहीं. खानदेशाच्या उंबरठ्यावरचेंच अजिंठा घ्या. आमच्या शाळांच्या सहली तेथें वर्षानुवर्षें जातात. १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलें नांव व २८ एप्रिल ही तारीख कोरून ठेविली. वात्रटपणा कांहीं आजच्याच मुलांचा नाहीं, एवढा धडा त्यावरून घेण्यास हरकत नाहीं. पुढें १८४४ सालापासून मेजर रॉबर्ट गिल ह्यानें तेथल्या भित्तिचित्रांच्या नकला उतरविण्यांत आयुष्य घालविलें. त्याच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. तो स्वतः १८७९ सालीं वारला आणि त्याची कबर आपल्या भुसावळास आहे. नकला जळाल्या तरी मूळ चित्रें राहिलीं, आणि त्यांचे रंग इतकीं शतकें टिकले यांत लेण्यांतील अंधाराचाही वाटा आहे. नाजूक रंगाच्या वस्तूंवर पन्नास लक्सच्या वर उजेड पडूं नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. एका चौरस मीटरावर एक ल्यूमेन पडला म्हणजे एक लक्स होतो. हजार ल्यूमेनचा झोत तेवढ्या भिंतीवर रोखल्यास हजार लक्स, म्हणजे दंडकाच्या वीसपट ! उडालेला रंग मागून दिवा विझविल्यानें परत येत नाहीं. लेण्यांत फ्लॅश लावण्यास मनाई आहे ती ह्यासाठींच. आणि कपाळावर हा सूर्य बांधून आंत जाण्याचा हट्ट कोणीही धरूं नये.

वटवाघुळांचीही तीच कथा. ओस पडलेल्या गुंफांत तीं छतास लोंबकळत असतात, माद्यांच्या अंगास पिल्लें बिलगलेलीं असतात. त्यांवर एकाएकीं झोत पडला म्हणजे सारा थवा उठतो आणि त्या धांदलींत पिल्लें खालीं पडतात. आणि बरोबरच्या सोबत्याचें काय ? मनुष्याच्या डोळ्यास अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. सोबत्यानें हांक मारली म्हणून आपण त्याच्याकडे तोंड वळविलें, कीं कपाळावरचा दिवा नेमका त्याच्या डोळ्यांत. त्याची अर्ध्या तासाची कमाई एका क्षणांत बुडाली. तांबडा मंद उजेड त्या मानानें डोळ्यांस पुष्कळ कमी बाधतो. म्हणून दिव्यांत एक तांबडा एलईडी असावा, अशी आमची सूचना आहे. तो दहा-वीस रुपयांच्या आंत मिळतो.

परंतु प्रखर दिव्याची आम्हांस खरी भीति वाटते ती निराळीच. तो मनुष्यास त्याच्या ज्ञानाहून अधिक धीट करितो. २३ जून २०१८ रोजीं थायलंडमधील थाम लुआंग गुहेंत बारा फुटबॉलपटू मुलगे व त्यांचा शिक्षक शिरले. मुलांचीं वयें अकरा ते सोळा, म्हणजे आमच्या शाळेंतल्याच मुलांएवढीं. बाहेर पाऊस कोसळला, वाट पाण्यानें भरली, आणि तीं मुलें तोंडापासून सुमारें चार किलोमीटर आंत अडकलीं. दोन जुलैस पाणबुड्यांस त्यांचा शोध लागला, आणि आठ ते दहा जुलै ह्या तीन दिवसांत तेराही जण जिवंत बाहेर आले. त्यांस प्राणवायूच्या नळ्या पोंचवितांना थाई नौदलाचा एक माजी पाणबुड्या मरण पावला. पाणी उपसण्याच्या कामीं साह्य करण्यास आपल्या महाराष्ट्रांतील किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही गेले होते. त्या पाण्यापुढें शंभर ल्यूमेनचा दिवा आणि हजार ल्यूमेनचा दिवा सारखेच निरुपयोगी. म्हणून आमचें पालकांस सांगणें आहे कीं, मुलाचा दिवा केवढा आहे हें पाहण्याआधीं तो कोणत्या महिन्यांत, कोणाबरोबर आणि कोठें निघाला आहे हें विचारावें. पाटणादेवीचे धबधबे ज्या दिवसांत पाहण्यासारखे असतात, त्या दिवसांत तेथले कडे चढण्यासारखे नसतात.

गुहांत वावरणाऱ्या अनुभवी लोकांचा एक नियम आहे : एकट्यानें जाऊं नये, परतण्याची वेळ बाहेर कोणास तरी सांगून ठेवावी, आणि प्रत्येकापाशीं एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन दिवे असावेत. तीन दिवे, एक मोठा दिवा नव्हे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या तासास अनेकदां ऐकिला आहे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. पांच शहाण्या कुमारींनीं दिव्याबरोबर भांड्यांत तेलही घेतलें होतें. त्यांच्या दिव्यांची ज्योत इतर पांचजणींच्या ज्योतीहून मोठी होती, असें तेथें कोठेंही म्हटलेलें नाहीं.

आम्ही प्रखरतेचे वैरी आहों, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. मोठ्या दालनाचें छत पाहावयाचें आहे, दूर गेलेल्या सोबत्यास खूण करावयाची आहे, अशा वेळीं अर्धा मिनिट मोठा झोत लागतोच. तेवढी एक पायरी दिव्यास ठेवावी. पण प्रदर्शनांत बक्षीस द्यावयाचें तें ह्या पायरीस नव्हे. आमची सूचना अशी आहे कीं, पुढील वर्षीं कपाळदिव्यांची परीक्षा मंडपांत न घेतां व्यासपीठामागच्या अंधाऱ्या खोलींत घ्यावी. सर्व दिवे सकाळीं एकाच वेळीं, एकेका सेलावर लावावेत. दर तासास परीक्षकांनीं तो दिवा स्वतः कपाळास बांधून क्रमिक पुस्तकाचें एक पान हातभर अंतरावरून वाचून पाहावें. जो दिवा हातास चटका देईल तो बाद. आठव्या तासास जे दिवे उरतील त्यांवर एक तांब्या पाणी ओतावें, आणि मग त्या त्या विद्यार्थ्यानें ओल्या हातांनीं, गडद अंधारांत, कोणाची मदत न घेतां सेल बदलून दाखवावा. ज्यास हें सर्वांआधीं साधेल त्यास पहिलें बक्षीस द्यावें.

ही सूचना आम्ही विज्ञान-शिक्षकांच्या कानांवर घातली आहे व त्यांनीं ती हंसून कां होईना पण मान्य केली आहे. प्रखर दिव्याच्या मालकासही आम्ही भेटलों. ड्रायव्हर व जाड ठोकळा बसविल्यास आपला दिवा कमी वॅटांवर दिवसभर चालेल, असें तो स्वतःच म्हणाला, आणि सुटींत तसा करून आणण्याचें त्यानें कबूल केलें आहे. शेवटच्या मेजावरच्या मुलीस आम्ही एवढेंच सांगितलें, "बाळ, पुढच्या वर्षीं हाच दिवा आण, इलास्टिक तेवढें नवें लाव."